गॅस नको, गळती शोधा

भोपाळच्या अरेरा कॉलनीतलं बिट्टन मार्केट इथल्या मराठी घरांना वेगळं सांगावं लागत नाही. भाजीचा हाट, शेजारचं दसरा मैदान, तिथे भरणारे मेळे आणि प्रदर्शनं यांमुळे दक्षिण भोपाळच्या लोकांचे पाय सारखे इकडे वळतात. हाटाला येणारा माल मात्र बराच लांबून येतो. करोंदची घाऊक मंडी शहराच्या उत्तरेला, बिट्टन दक्षिणेला, आणि मधे अख्खं भोपाळ. हे अंतर कापतात त्या पिकअप गाड्या. भल्या पहाटे माल भरायचा, गर्दीतून वाट काढत पोहोचायचं, उतरवायचं आणि पुन्हा दुसऱ्या फेरीला निघायचं, हा त्यांचा दिनक्रम.

मे महिन्यात भोपाळचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. पिकअपच्या केबिनमध्ये तेव्हा पुढून इंजिनाची धग, डोक्यावर तापलेला पत्रा आणि समोरच्या रुंद काचेतून थेट ऊन असतं. अशा गाडीत एसी असेल तर तो चालकाच्या कामाचं साधन आहे. तो बिघडला की चालकाचा थकवा वाढतो, लक्ष विचलित होतं, आणि त्याची किंमत रस्त्यावरच्या सगळ्यांनाच मोजावी लागू शकते.

हा बिघाड बहुतेक वेळा एकाच पद्धतीने हाताळला जातो. थंडावा कमी झाला की मालक गाडी घेऊन जातो, गॅरेजवाला गेज लावतो आणि म्हणतो, ‘गॅस कम है, डलवा लो.’ गॅस भरला जातो, काही आठवडे बरे जातात आणि पुन्हा तेच. एसीची यंत्रणा बंद असते. तिच्यातला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. थोड्याच दिवसांत तो कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी बाहेर जातो आहे. ती जागा न शोधता पुन्हा गॅस भरणं म्हणजे पैसेही घालवायचे आणि हवाही बिघडवायची. गळतीच्या जागांपैकी सर्वांत अवघड जागा म्हणजे डॅशबोर्डच्या आत दडलेली कूलिंग कॉइल. ती बदलण्याचं काम नीट कसं होतं हे गाडीच्या मालकाला ठाऊक असेल, तर त्याची फसगतही टळते आणि चांगल्या कारागिराच्या मेहनतीची कदरही होते.

कॉइलमध्ये काय घडतं

माठातलं पाणी गार होतं, कारण बाहेर पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता सोबत घेऊन जाते. एसीचं तत्त्व तेच आहे. इथे पाण्याच्या जागी सध्याच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा पदार्थ असतो आणि तो बंद नळ्यांमधून पुन्हा पुन्हा फिरवला जातो. वातावरणाच्या साध्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सियसलाच उकळतो. दाब बदलून त्याला हवं तिथे उकळायला आणि हवं तिथे द्रव व्हायला लावायचं, एवढंच सगळ्या यंत्रणेचं काम.

इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर गॅस दाबून तापवतो. पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकतो आणि गॅसचा द्रव होतो. बाहेर ४३ अंश तापमान असेल तर कंडेन्सरला ६० अंशांच्या आसपास जावं लागतं. तेव्हा तिथला दाब २३० पीएसआयच्या घरात असतो. मग तो द्रव ड्रायरमधून जातो, तिथे ओलावा आणि कचरा अडतो. पुढे एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून तो कॉइलमध्ये फवारला जातो. दाब एकदम २८ ते ३० पीएसआयपर्यंत उतरतो आणि त्या दाबाला आर-१३४ए शून्य अंशाच्या आसपास उकळू लागतो. ब्लोअर केबिनची गरम हवा कॉइलच्या पापुद्र्यांमधून ढकलतो. तिची उष्णता आतला द्रव शोषून घेतो आणि गार हवा जाळीतून बाहेर येते.

हवा गार होताना तिच्यातला ओलावाही कॉइलवर जमतो. ते पाणी एका नळीने केबिनच्या खाली गळतं. पावसाळ्यात एसी लावून उभ्या असलेल्या गाडीखाली थारोळं दिसतं ते याचंच. चांगल्या कॉइलचं ते लक्षण आहे.

डॅशबोर्डच्या आत कशाला?

मोटारीत एसी आला तेव्हा कॉइल पुढे नव्हतीच. १९३९च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने एसी बसवलेली गाडी दाखवली. तिची कॉइल मागच्या सीटच्या पाठीमागे होती आणि डिकीची बरीच जागा तिने अडवली होती. कॉम्प्रेसरला क्लच नसल्यामुळे एसी बंद ठेवायचा तर गाडी थांबवून इंजिनावरचा पट्टा उतरवावा लागे. १९५४मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमागे आणली. तीच रचना पुढे रूढ झाली.

आज बहुतेक गाड्यांत ब्लोअर, कूलिंग कॉइल आणि असेल तर हीटरची कॉइल एकाच प्लास्टिकच्या पेटीत बसवतात. कारखान्यात ही पेटी आधी बसते आणि डॅशबोर्ड तिच्यावर चढतो. जोडणीला हे सोयीचं असलं तरी दुरुस्तीच्या वेळी उलट दिशेने जावं लागतं. काही गाड्यांत, विशेषतः साध्या रचनेच्या जुन्या पिकअपमध्ये, ग्लोव्ह बॉक्स काढून त्या बाजूने पेटी उघडता येते. तिथे काम काही तासांत होतं. काही गाड्यांत मात्र स्टिअरिंगपासून अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि दिवस जातो. म्हणूनच या कामाच्या बिलात कॉइलच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त दिसली तर आश्चर्य वाटू नये. पण आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे आधी विचारून घ्यावं.

छिद्र कसं पडतं

हल्लीची कॉइल ॲल्युमिनियमची असते. अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पत्रे आणि त्यांच्यामधले नागमोडी पापुद्रे रचून ते नायट्रोजन भरलेल्या भट्टीत सुमारे ६०० अंशांवर एकसंध जोडतात. पत्रा पातळ असल्यामुळे उष्णता झटकन ओढली जाते. मात्र गंजाला कुरतडायलाही थोडाच पत्रा पुरतो.

भोपाळचं हवामान या कॉइलला दोन टोकांनी छळतं. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, कॉइलवर पाणी फारसं जमत नाही आणि उडालेली धूळ पापुद्र्यांत साचत राहते. मग पावसाळा येतो, कॉइल दिवसभर ओली राहते आणि त्या धुळीचा चिखल होतो. चिखलात पाणी टिकून राहतं, कुजलेल्या पानांतली आम्लं त्यात मिसळतात आणि ॲल्युमिनियमला सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडू लागतात. अरेरा कॉलनीसारख्या झाडांच्या वस्तीत गाडी सावलीला लावणं साहजिकच आहे. पण समोरच्या काचेखालच्या जाळीत पडलेली पानं तिथेच राहिली तर त्यांचा चुरा आत जातो.

भाजीच्या पिकअपला आणखी एक त्रास असतो. एसी आतलीच हवा फिरवण्यावर ठेवला की हवा साधारणपणे डाव्या बाजूच्या सीटसमोरून, पायांच्या जवळून ओढली जाते. केबिनमध्ये पोत्यांचे धागे, कांद्याची टरफलं आणि चपलांची माती असते. मालवाहू गाड्यांत केबिन फिल्टर अनेकदा नसतोच. हा सगळा कचरा थेट कॉइलवर जाऊन बसतो.

असं छिद्र वेल्डिंगने किंवा लेपाने बुजवता येईल का, असं मालक विचारतात. छिद्र बहुधा पापुद्र्यांच्या आत असतं, तिथे हात पोहोचत नाही. पोहोचला तरी इतका पातळ पत्रा वितळून जातो. लेप लावला तर गार-गरम होण्याच्या फेऱ्यांत तो सुटतो. गॅससोबत आत सोडायची गळतीरोधक द्रव्यं बाजारात मिळतात. ती एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या तोंडात आणि गॅस काढण्याच्या मशीनमध्ये अडकून नवं दुखणं निर्माण करू शकतात. कॉइल फुटली असेल तर बदलणं हाच उपाय.

आधी पुरावा, मग पाना

डॅशबोर्ड उघडण्याआधी दोष कॉइलचाच आहे हे सिद्ध व्हायला हवं. थंडावा कमी होण्याला इतरही कारणं असतात. कंडेन्सरचा पंखा मंद झालेला असतो, कंडेन्सरवर चिखल असतो, ब्लोअर दमलेला असतो, हीटरचं गरम पाणी पूर्ण बंद होत नसतं. शहराच्या गर्दीत रांगत जाणाऱ्या गाडीला तर पंखाच तारतो, कारण वेगाचा वारा मिळत नाही. गळती असली तरी ती गॅस भरण्याच्या पिनांतून, कॉम्प्रेसरच्या सीलमधून, पाइपांच्या जोडांतून किंवा खड्यांचा मार खाल्लेल्या कंडेन्सरमधूनही होऊ शकते.

गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो. कॉइल दिसत नाही, पण तिच्या पाण्याच्या नळीच्या टोकाशी तेलकटपणा दिसला की संशय बळावतो. खात्री करायला तीन वाटा आहेत. पहिली, यंत्रणेत रंगद्रव्य सोडून काही दिवस गाडी चालवायची आणि अतिनील दिव्याखाली ते कुठे चमकतं ते पाहायचं. दुसरी, इलेक्ट्रॉनिक शोधक. आर-१३४ए हवेच्या साडेतीन पट जड असतो, म्हणून ब्लोअर बंद करून थोडा वेळ थांबलं की तो पेटीच्या तळाशी साचतो. तेव्हा शोधकाची नळी पाणी गळण्याच्या नळीपाशी धरायची. तिसरी आणि सर्वांत खात्रीची म्हणजे कॉइलचे दोन्ही पाइप सोडवून तिच्यात कोरडा नायट्रोजन ठरावीक दाबाने भरायचा आणि काटा उतरतो का ते पाहायचं. कॉम्प्रेस्ड हवा वापरू नये, तिच्यासोबत ओलावा आत जातो. ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाशी संपर्क आला की स्फोटाचा धोका असतो.

काम कसं होतं

पहिली पायरी म्हणजे आत उरलेला गॅस मशीनने सिलिंडरमध्ये काढून घेणं. तो हवेत सोडून द्यायचा नाही. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची. गाडीला एअरबॅग असेल तर कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबूनच स्टिअरिंगला हात लावायचा, कारण तार सोडल्यावरही एअरबॅगच्या मंडलात वीज काही काळ शिल्लक असते. पेटीत हीटर असेल आणि ती अख्खी बाहेर काढायची असेल तर कूलंट उतरवावा लागतो.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून कॉइलचे दोन पाइप आत जातात. ते सोडवताना दोन पाने वापरायचे, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं, म्हणजे ॲल्युमिनियमचा पाइप पिळला जात नाही. पाइप सुटताच त्यांची तोंडं बूच लावून बंद करायची. उघड्या तोंडातून ओलावा आणि धूळ आत जाते आणि पुढचं सगळं काम नासतं.

डॅशबोर्ड उतरवताना कारागिराची शिस्त कळते. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, वायरचे सॉकेट एकमेकांसारखे दिसतात. टप्प्याटप्प्याने फोटो काढणारा, स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवणारा, सॉकेटवर खूण करणारा माणूस शेवटी वेळ वाचवतो. घाईत तुटलेल्या क्लिपा पुढे वर्षभर खडखडत राहतात.

पेटी उघडल्यावर जुनी कॉइल बाहेर येते. तिच्या पापुद्र्यांत एक बारीक सेन्सर खोचलेला असतो. कॉइल गोठायला आली की तो कॉम्प्रेसर थांबवतो. हा सेन्सर नव्या कॉइलमध्ये नेमका त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर कॉइलवर बर्फ साचून हवा अडते. पेटी आतून धुऊन कोरडी करायची, पाण्याची नळी मोकळी करायची, कडांचा कुजलेला फोम नवा लावायचा. फोम नसेल तर हवा कॉइलला वळसा घालून निघून जाते.

नव्या कॉइलसोबत तीन गोष्टी बदलाव्यात. प्रत्येक जोडाच्या ओ-रिंग नव्या घालायच्या आणि त्यांना एसीचंच तेल लावून बसवायचं. एक्सपान्शन व्हॉल्व्ह नवा घालायचा, कारण पुन्हा डॅशबोर्ड उघडण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. आणि ड्रायर बदलायचाच. त्याच्यातले ओलावा शोषणारे दाणे यंत्रणा उघडी राहिली की हवेतला ओलावा पिऊन निकामी होतात. जुन्या कॉइलबरोबर जेवढं तेल बाहेर गेलं तेवढं नवं घालायचं, प्रकार आणि माप कंपनीच्या माहितीप्रमाणे. तेल कमी पडलं तर कॉम्प्रेसर घासतो, जास्त झालं तर थंडावा घटतो.

भोपाळचा काटा २८ वर

जोडणी झाल्यावर नायट्रोजनने पुन्हा दाबाची चाचणी घ्यायची आणि त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावायचा. यंत्रणेतली हवा आणि ओलावा काढणं हा या पंपाचा हेतू. ओलावा राहिला तर तो एक्सपान्शन व्हॉल्व्हशी गोठतो आणि तेलाशी मिळून आम्ल बनवतो.

इथे गावाची उंची मधे येते. समुद्रसपाटीला पूर्ण निर्वात झालं की गेज जवळपास ३० इंच दाखवतो. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाबच कमी. त्यामुळे इथे काटा फार तर २८ च्या आसपास जातो. पुण्यातही तसंच, मुंबईत मात्र ३० च्या जवळ. पुस्तकातला ३० चा आकडा दिसत नाही म्हणून पंपाला दोष देऊ नये, पण काटा २५ वर अडला तर समाधानही मानू नये.

पंपाची वेळ ऋतूवरही ठरते. दाब पुरेसा उतरला की पाणी खोलीच्या तापमानालाही उकळून वाफ होतं आणि पंपातून निघून जातं. ३० अंशांना त्यासाठी दाब नेहमीच्या चोविसाव्या भागावर आणावा लागतो. जानेवारीच्या सकाळी, दहा अंशांना, ऐंशीव्या भागापर्यंत. म्हणून थंडीत पंप जास्त वेळ चालवावा. अर्धा-पाऊण तास पंप चालवून, तो बंद करून काटा हलतो का हे पाहणारा कारागीर वेळ काढत नसतो, तो आपलं काम करत असतो.

यानंतर गॅस वजनावर भरायचा. किती ग्रॅम हे बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. नुसत्या दाबावरून अंदाज बांधला तर उन्हाळ्यात तो चुकतो. गॅस जास्त झाला की दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि गारवा उलट कमी होतो.

सिलिंडरही ओळखीच्या दुकानातला, सीलबंद हवा. आर-१३४एच्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेला बनावट गॅस बाजारात आला होता. तो ॲल्युमिनियमशी संयोग पावून आपोआप पेटणारे पदार्थ तयार करतो. २०११मध्ये अशा गॅसमुळे शीत-कंटेनरांचे स्फोट झाले आणि व्हिएतनाम व ब्राझीलमध्ये कामगारांचे प्राण गेले. स्वस्त सिलिंडरची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

हवेत सोडलेला अर्धा किलो

ओझोनच्या थराला भोक पाडणारा जुना आर-१२ गॅस १९८७च्या माँट्रियल करारामुळे मागे पडला. भारताने क्लोरोफ्लुरोकार्बनचं उत्पादन १ ऑगस्ट २००८ रोजी, मुदतीआधीच थांबवलं. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण पृथ्वी तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. पिकअपमध्ये साधारण अर्धा किलो गॅस असतो. तो हवेत गेला तर ७१५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. तेवढा धूर सुमारे २६५ लिटर डिझेल जाळल्यावर निघतो. लिटरला १२ किलोमीटर धरले तरी हा ३,००० किलोमीटरहून जास्त प्रवास झाला. गळक्या कॉइलमध्ये दर उन्हाळ्यात गॅस भरणारी एक गाडी एवढं नुकसान निमूटपणे करत असते.

२०१६च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०२८मध्ये अशा वायूंच्या वापरावर मर्यादा येणार आहे आणि २०४७पर्यंत तो ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. २०१९च्या राष्ट्रीय शीतलन कृती योजनेत एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं, कारण यातला मोठा वाटा गॅरेजांच्या हातात आहे.

कॉइल टिकवायची कशी

नवी कॉइल दीर्घकाळ चालावी म्हणून फार काही करावं लागत नाही. काचेखालची जाळी आठवड्याला साफ करा. केबिन फिल्टरची जागा असेल तर फिल्टर घाला आणि वेळच्या वेळी बदला. केबिन झाडून ठेवा. पावसाळ्याआधी पाण्याची नळी मोकळी आहे का पाहा. मुक्कामाच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, म्हणजे कॉइल वाळते आणि कुबट वासही येत नाही. हिवाळ्यातही आठवड्यातून काही मिनिटं एसी लावा, म्हणजे तेल फिरून सील ओले राहतात. तीव्र आम्लाचं फवारणी-द्रव्य कॉइलवर मारू देऊ नका.

आणि गॅरेजमध्ये चार प्रश्न विचारा. गळती कुठे आहे हे कशावरून ठरवलं? ड्रायर बदलणार का? व्हॅक्यूम किती वेळ ठेवणार? गॅस किती ग्रॅम भरला हे बिलावर लिहिणार का? ज्याच्याकडे या चारही प्रश्नांची उत्तरं आहेत, त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

कायद्यात राहून गेलेली गाडी

ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा करण्याचा आग्रह केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी धरला. डिसेंबर २०२३मध्ये त्याची अधिसूचना निघाली आणि १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या साडेतीन टनांहून जास्त एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांना ती लागू झाली. स्वागत करावं असंच हे पाऊल आहे. पण हाटात माल आणणारी पिकअप साडेतीन टनांच्या आतली असते. म्हणजे शहराच्या उन्हात आणि गर्दीत दिवसभर फेऱ्या मारणारा चालक या नियमाच्या बाहेर राहिला आहे. लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाचं शरीर जितकं तापतं तितकंच त्याचंही तापतं. ही सक्ती लहान मालवाहू गाड्यांपर्यंत यायला हवी.

तोवर ज्यांच्या पिकअपमध्ये एसी आहे, त्या मालकांनी तो चालता ठेवणं हे चालकाच्या मजुरीइतकंच देणं समजावं. येत्या मार्चमध्ये, उन्हाळा चढण्याआधी, थंडावा कमी वाटला तर गाडी गॅरेजात न्या आणि गॅस भरायला सांगण्याऐवजी गळती शोधायला सांगा. कॉइल फुटलेली निघाली तर ती ड्रायरसकट बदला, निघालेला गॅस मशीनमध्ये भरून घ्यायला लावा आणि बिलावर ग्रॅम लिहून घ्या. हे काम एकदाच होतं, दरवर्षीचा गॅसचा खर्च वाचतो, आणि चालकाचा उन्हाळा सुसह्य होतो.